रकान्याच्या डोक्यावर काय लिहिलंय?

२ सप्टेंबर १८५९ची सकाळ. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाची जागा ठरल्या वेळी डोळ्यांनी वाचायची आणि वहीत लिहायची, हा तिथला रोजचा परिपाठ. अकराच्या सुमारास तो चुंबक असा काही सरकू लागला की तिथल्या माणसांनी पुढच्या तासाची वाट बघणं सोडून दिलं आणि काही मिनिटांच्या अंतराने आकडे टिपायला सुरुवात केली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक त्या सकाळी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. एरवीच्या बऱ्यापैकी मोठ्या चुंबकीय वादळात ही घट शंभर-दोनशेच्या घरात असते. नॅनोटेस्ला हे एकक तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. त्यांनी वेळ लिहिली, मोजपट्टीवर दिसलं ते लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन या दोघांनी, एकमेकांना न कळता, सूर्यावर अचानक उजळलेला पांढरा झोत पाहिला होता. त्यानंतर सतराअठरा तासांत जगभर तारायंत्रं बिघडली, कुठे कागद पेटले, आणि ध्रुवीय प्रकाश उष्ण कटिबंधाजवळच्या लोकांनाही दिसला. हे सगळं आज ‘कॅरिंग्टन घटना’ म्हणून अनेकांना माहीत आहे. वादळ नेमकं किती मोठं होतं, हे मात्र सांगणार कोण? युरोपातल्या काही वेधशाळांत प्रकाशसंवेदी कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रं होती, पण लंडनजवळच्या क्यू वेधशाळेसारख्या ठिकाणी ती रेघ कागदाच्या बाहेरच निघून गेली. कुलाब्याच्या वहीत मात्र आकडे होते.

त्या आकड्यांकडे जगाचं लक्ष गेलं ते २००३ साली. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेस, आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लाखिना व शोभना अॅलेक्स यांनी कुलाब्याच्या नोंदींची सांगड इतर हिशेबांशी घालून त्या वादळाची जगभराची तीव्रता काढली: उणे १७६० नॅनोटेस्ला. तुलनेसाठी सांगते, मार्च १९८९मध्ये ज्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवली आणि साठ लाख लोकांना नऊ तास अंधारात बसवलं, त्याची तीव्रता उणे ५८९ होती. आज वीजवाहिन्या, उपग्रह, विमानवाहतूक यांच्यासाठी ‘वाईटात वाईट काय होऊ शकेल’ याचा अंदाज बांधताना जगभर कुलाब्याचा आकडा पुढे येतो.

मी ग्रंथपाल आहे, भौतिकशास्त्रज्ञ नाही. या गोष्टीत मला सूर्यापेक्षा वहीचं जास्त अप्रूप आहे. १८५९ आणि २००३ यांच्यात १४४ वर्षं गेली. मुंबईचा दमटपणा, वाळवी, बदलणारी सरकारं, बदलणाऱ्या इमारती आणि ‘हे जुनं बाड कशाला ठेवलंय इथे?’ असं विचारणारे साहेब, हे सगळं त्या १४४ वर्षांत असणारच. तरी वही राहिली. नुसती राहिली नाही, तर उघडल्यावर कळेल अशी राहिली. आपोआप टिकली असं मी तरी म्हणणार नाही. तिची जबाबदारी दर पिढीत कुणीतरी घेतली म्हणून ती टिकली.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली, ती जहाजांना वेळ सांगण्यासाठी आणि आकाशाच्या वेधांसाठी. चुंबकीय मोजमापं सुरू झाली १८४१पासून, एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर या वेधशाळेचे संचालक होते, हे आपल्या पत्रकारदिनाच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं. पुढे लोकमान्यांचे गुरू म्हणून नावाजलेले केरूनाना छत्रेही उमेदीच्या वयात इथेच साहाय्यक होते. मराठीतल्या आधुनिक गणिताची आणि वृत्तपत्रांची सुरुवात ज्या माणसांनी केली, त्यांनीच चुंबकाची जागा दुर्बिणीतून वाचण्याचं हे कंटाळवाणं कामही पाहिलं होतं.

मग आले नानाभाई मूस. १८९६ साली ते कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की रुळांतून फिरणाऱ्या त्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापांचा सत्यानाश होणार. त्यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. तिथे पोरबंदरी दगडाची इमारत बांधली, लोखंड वर्ज्य केलं. (केरूनाना त्याच अलिबागजवळच्या नागावचे, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.) आता मूस यांनी जे केलं ते माझ्या मते या संपूर्ण कहाणीतलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे. अलिबागचं काम १९०४ साली सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजत राहिले. का? तर कुलाब्याचा आकडा आणि अलिबागचा आकडा यांत जागेमुळे किती फरक पडतो हे कळावं, आणि जुनी मालिका नव्या मालिकेला न तुटता जोडता यावी. ट्राम सुरू झाली १९०७मध्ये. त्यानंतर १९१०मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातली कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणं दोन भागांत छापून काढली.

मूस यांनी एका प्रतीच्या अनेक प्रती केल्या, मोजणीची पद्धत आणि दुरुस्त्या लिहून ठेवल्या, जागा बदलताना दुवा राखला, आणि जो कुणी मागेल त्याला वाचता येईल अशा रूपात सगळं ग्रंथालयांच्या हवाली केलं. आज डिजिटल वैज्ञानिक डेटा जतन करण्याबद्दल जे जे प्रशिक्षण मला मिळालं, त्यात याहून मूलभूत असं फारसं काही नाही. यंत्रं बदलली, काम तेच आहे.

आता रकान्यांच्या डोक्याकडे येते. वहीतला ‘११’ हा आकडा घ्या. सकाळचे अकरा? कुणाच्या घड्याळाचे? मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या चार तास एकावन्न मिनिटं पुढे होती, आणि भारतीय प्रमाणवेळ आल्यावरही ती मुंबईने १९५५पर्यंत सोडली नाही. शिवाय जुने खगोलशास्त्रज्ञ दिवस मोजायचे तो मध्यरात्रीपासून नव्हे, दुपारी बारापासून. ही पद्धत १९२५पर्यंत चालू होती. म्हणजे वेळ आणि तारीख कुठल्या पद्धतीने लिहिली आहे हे जर माहीत नसेल, तर अचूक घेतलेली नोंदसुद्धा अर्धा दिवस इकडेतिकडे होऊ शकते, आणि इंग्लंडात दिसलेल्या झोताशी तिचा मेळ लागतच नाही. तेच मोजपट्टीचं. एक भाग सरकला म्हणजे क्षेत्र कितीने बदललं, हे त्या काळी दिलेल्या गुणकावरून काढायचं. गुणक हरवला की वह्या राहतात, शास्त्र जातं.

आणि नोंद पूर्ण असली की तिला पुन्हा प्रश्न विचारता येतात. उणे १७६० हा आकडा सगळ्यांनी मान्य केलेला नाही. तासाची सरासरी घेतली तर वादळाची तीव्रता बरीच कमी भरते, असं काहींनी दाखवलं. ती खोल घट पृथ्वीभोवती कड्यासारख्या फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहामुळेच झाली की वरच्या वातावरणातल्या प्रवाहांमुळे, यावर वाद आहे. २०२२ साली हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याचा छापील वार्षिक अहवाल पुन्हा उघडला आणि आडव्या घटकाबरोबर उरलेले दोन घटकही वाचले. निष्कर्षावर वाद होऊ शकतो, कारण मूळ आकडे सगळ्यांसमोर आहेत. शास्त्रज्ञांच्या भांडणाला जागा उपलब्ध करून देणं हे ग्रंथालयाचं एक मोठं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

*

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट आहे, त्यात प्रबंधांच्या मागच्या खिशात अडकवलेल्या सीडी जपून ठेवलेल्या आहेत. वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी जवळपासच्या देवरायांवर काम करत होती. वीसेक वर्षांपूर्वी त्याच देवरायांचं सर्वेक्षण आमच्याच कॉलेजातल्या मुलांनी केलं होतं, आणि ते तिला तुलनेसाठी हवं होतं. छापील प्रबंधात फक्त सारांशाचे तक्ते. प्रत्येक झाडाची नोंद सीडीवर. सीडी काढली तेव्हा तिचा चंदेरी पापुद्रा कडेने सुटलेला होता. माझ्या संगणकाने ती घेतलीच नाही; विभागातल्या एका जुन्या यंत्राने बऱ्याच खटपटीनंतर घेतली.

फायली उघडल्या आणि पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं यांचा कचरा. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी मराठीत टंकलेखन केलंय त्यांना हे चित्र परिचयाचं असेल. श्रीलिपी, आकृती, आयएसएम. प्रत्येकाची अक्षरांची जुळणी वेगळी. त्या त्या फॉन्टशिवाय मजकूर म्हणजे नुसती चिन्हं. फॉन्ट कुठला होता हे ओळखण्यात काही दिवस गेले, मग युनिकोडमध्ये बदलणारं साधन चालवलं, तर रफार भलतीकडे आणि जोडाक्षरं फुटलेली. वाक्य असतं तर अंदाजाने वाचता आलं असतं. इथे होती झाडांची गावातली नावं, जी पुस्तकात सहज सापडत नाहीत. एकेक नाव तिने आणि मी हाताने तपासलं.

दुसरी फाईल एक्सेलची. ती सरळ उघडली. शेकडो ओळी, आणि रकान्यांच्या डोक्यावर नुसती रोमन अक्षरं: यू, जी, आर.

“मॅडम, आर म्हणजे रेअर असेल का हो? दुर्मीळ?” तिने विचारलं.

अंदाजावर प्रबंध लिहायचा नाही, असं मी तिला सांगितलं आणि त्या वेळचे मार्गदर्शक सर निवृत्त होऊन गावी गेलेत, त्यांना फोन लावला. सरांनी बराच वेळ आठवलं.

“अगं, यू म्हणजे उंची आणि जी म्हणजे घेर. आर म्हणजे रोपं. झाडाखाली रोपं किती, ते मोजलं होतं आम्ही.”

“आणि सर, काही ठिकाणी रकाना रिकामा आहे. तिथे रोपं नव्हती की मोजली नव्हती?”

“ते आता नाही गं सांगता येणार.”

त्या दिवशी सरांशी बोलता आलं हे आमचं नशीब. रिकाम्या रकान्यांचं उत्तर मात्र कायमचं गेलं. देवराईत नवी रोपं उगवतायत की नाहीत, हाच तर त्या मुलीचा मुख्य प्रश्न होता, आणि त्या जागी शून्य धरायचं की ओळच गाळायची यावर तिचा निष्कर्ष बदलत होता. शेवटी तिने दोन्ही पद्धतींनी हिशेब मांडले आणि प्रबंधात तसं स्वच्छ लिहिलं. मला तिचा अभिमान वाटला. आणि रागही आला, तो कुणा एकावर नाही. प्रबंध बांधून घ्यायचा, सोनेरी अक्षरं छापायची आणि सीडी खिशात कोंबायची, या सगळ्या रिवाजावर.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. टिमोथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी ५१६ शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला आणि काय हाती आलं ते २०१४ साली छापलं. निबंध दोन ते बावीस वर्षं जुने होते. डेटा अजून अस्तित्वात असण्याची शक्यता निबंधाच्या वयाबरोबर दर वर्षी १७ टक्क्यांनी घटत जाते, असं त्यांना दिसलं. कारणं अगदी साधी: ईमेलचे पत्ते बंद पडलेले, फ्लॉपी आणि झिप डिस्क वाचायला यंत्र नाही. आणि ज्यांच्याकडे पैशाला तोटा नव्हता त्यांचं काय झालं? जुलै १९६९मध्ये चंद्रावरून थेट आलेले अपोलो ११चे मूळ संकेत ज्या टेपांवर नोंदले होते, त्यांचा शोध नासाने घेतला. २००९ साली अहवाल आला: पुढच्या काळात टेपांची टंचाई होती, तेव्हा त्या टेपा बहुधा पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या. दूरचित्रवाणीसाठी रूपांतरित केलेलं चित्रण वाचलं, पण त्याहून स्पष्ट असलेलं मूळ गेलं. माणूस चंद्रावर गेला त्याच्या टेपा पुसल्या जाऊ शकतात, तर आमच्या देवरायांची काय कथा.

*

मग ग्रंथालय नेमकं करतं काय? लोकांना वाटतं मोठी हार्ड डिस्क घेतली की झालं. साठवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

फाईल हाती आली की आम्ही आधी तिची बेरीज काढतो, म्हणजे फाईलमधल्या प्रत्येक बिटवरून गणिताने तयार होणारी अंक-अक्षरांची एक छोटी ओळ. फाईलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण बदलते. जुन्या लखोट्यावरच्या लाखेसारखं हे काम: आत काय आहे ते लाख सांगत नाही, पण मधे कुणी हात लावला असेल तर लगेच कळतं. ठरावीक काळाने सगळ्या फायलींच्या बेरजा पुन्हा काढायच्या आणि दाखल करतानाच्या बेरजेशी ताडून बघायच्या. डिस्कवरचे बिट आपसूक बिघडतात, आणि बिघडलेली फाईल ओरडून सांगत नाही. एका प्रतीत बिघाड दिसला तर दुसऱ्या ठिकाणच्या चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करायची. म्हणून प्रती एकाहून जास्त हव्यात, आणि त्या एकाच इमारतीत नकोत. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयाने तर पंचवीस वर्षांपूर्वीच यावर एक पूर्ण यंत्रणा उभी केली, लॉक्स नावाची. वेगवेगळ्या ग्रंथालयांतल्या प्रती तिथे एकमेकींशी ताडल्या जातात आणि बिघडलेली प्रत बाकीच्यांच्या मदतीने दुरुस्त होते.

यानंतर येतं फायलीचं रूप. आज चालणारी फाईल उद्याच्या संगणकाला वाचता येईलच असं नाही, म्हणून वेळेत साध्या आणि खुल्या रूपात तिची जोडप्रत करायची, मूळही ठेवायची. एक्सेलवर माझा विशेष राग आहे. ते स्वतःच्या मनाने तारखा बनवतं. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि छापून आलेल्या निबंधांतही त्या चुका जायच्या. शेवटी २०२० साली जनुकांचीच नावं बदलण्यात आली.

आणि मग सगळ्यात मोठं काम, वर्णनाचं. कुणी मोजलं, कधी, कुठे, कुठल्या यंत्राने, एकक काय, रिकामी जागा म्हणजे काय. अवकाश संस्थांनी मिळून जतनाचा जो नमुना आखला आणि जो पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाला, त्यात एक अट मला फार मोलाची वाटते. आपण हा डेटा कुणासाठी जपतो ते आधी ठरवायचं, आणि त्या वाचकाला मूळ माणसाला न विचारता तो समजला पाहिजे. आम्ही सरांना फोन केला तेव्हा या कसोटीवर आम्ही नापास झालो होतो.

मोठ्या प्रमाणावर हे काम कसं दिसतं ते बघायचं तर स्लोन आकाश सर्वेक्षणाचं उदाहरण आहे. न्यू मेक्सिकोतल्या अडीच मीटरच्या दुर्बिणीने २००० सालापासून आकाशाचा मोठा भाग डिजिटल रूपात टिपला. पहिले टप्पे संपले तेव्हा ते सगळं दीर्घकाळ सांभाळण्याची जबाबदारी शिकागो विद्यापीठ आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या ग्रंथालयांकडे सोपवली गेली. ग्रंथालयांकडे! ग्रंथपालांनी तिथे नुसत्या प्रतिमा घेतल्या नाहीत. प्रक्रिया करणारे प्रोग्रॅम, कामाचे अहवाल, आपसातला पत्रव्यवहार, हेही जतनाचा भाग मानलं. खगोलशास्त्रज्ञांचा प्रकल्प संपतो, अनुदान संपतं, माणसं पांगतात. ग्रंथालय ही अशी संस्था आहे जिच्याकडून ‘आमचा प्रकल्प संपला’ असं कुणी ऐकून घेत नाही.

जपलेलं लोकांपर्यंत पोचलं नाही तर ते गोदाम झालं. पोचवण्यातली जुनी अडचण म्हणजे पत्ता. संकेतस्थळाची रचना बदलली की दुवा मरतो. म्हणून डेटाला कायमचा ओळखक्रमांक देतात, ज्याला सगळे डीओआय म्हणतात. फाईल इकडून तिकडे हलली तरी क्रमांक तोच, फक्त त्यामागचा पत्ता बदलायचा. संशोधनाच्या डेटाला असे क्रमांक देण्याची सुरुवात २००५मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या तंत्रविज्ञान ग्रंथालयाने केली आणि २००९मध्ये त्यातूनच डेटासाइट ही संघटना उभी राहिली. क्रमांक मिळाला की डेटाचा संदर्भ पुस्तकासारखा देता येतो, आणि मोजणाऱ्याचं नाव त्याबरोबर फिरतं. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेने २०१३ साली झेनोडो सुरू केलं, तिथे जगातला कुठलाही संशोधक आपला डेटा विनामूल्य ठेवू शकतो आणि असा क्रमांक मिळवू शकतो. नाव अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या झेनोडोटसवरून घेतलंय.

खुलं केल्याने काय होतं, त्याचं माझं आवडतं उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचं आहे. तिथली जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, आपल्यापैकी अनेकांनी विज्ञानदिनाला जाऊन पाहिली असेल. २०१० ते २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास नव्वद टक्के आकाश तपासलं. कच्च्या नोंदी पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या संग्रहात होत्या आणि मुदत संपल्यावर सर्वांना खुल्या झाल्या. हाउब इंटेमा यांच्या गटाने त्या नोंदी स्वतःच्या पद्धतीने पुन्हा प्रक्रिया करून २०१७ साली सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. त्या यादीतून आयुष सक्सेना या लायडनमध्ये पीएचडी करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याने एक अंधुक स्रोत निवडला, इतर दुर्बिणींनी पडताळला, आणि २०१८मध्ये तो तोपर्यंत माहीत असलेली सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका म्हणून जाहीर झाला. त्या दीर्घिकेचा संकेत मोजला गेला होता खोडदला, आणि ओळखला गेला काही वर्षांनी, हजारो किलोमीटर दूर.

सगळंच सरसकट खुलं करावं असं मात्र मी म्हणत नाही. आमच्या देवरायांच्या फायलीत काही औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणं होती. ती जशीच्या तशी जगाला दिली असती तर पुढच्या पावसाळ्यात मुळासकट उपटून नेणारे आले असते. आम्ही खुल्या प्रतीत ठिकाणं ढोबळ केली, नेमक्या जागा असलेली प्रत संशोधकाने लेखी मागितली तरच देतो. रुग्णांच्या नोंदींचं तर याहून काटेकोर. कुणाला काय द्यायचं आणि कुठवर, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो, आणि त्याचं कारणही लिहून ठेवावं लागतं.

*

एका ठिकाणी ठेवायचं नाही, ही अक्कल शीतयुद्धातल्या शास्त्रज्ञांनाही होती. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात जागतिक डेटा केंद्रं उभारली गेली: एक अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात, बाकीची इतर देशांत. क्षेपणास्त्रं एकमेकांवर रोखलेली असताना चुंबकाचे आणि हवामानाचे आकडे मात्र दोन्हीकडे प्रतीरूपात जात होते. त्या परंपरेतलं भूचुंबकत्वाचं एक केंद्र आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. कुलाबा आणि अलिबागच्या वह्या, आलेखांचे कागद यांच्या डिजिटल प्रती तिथे झाल्या. अलिबागला मोजणी आजही चालू आहे. १८४०च्या दशकापासून जवळजवळ अखंड अशी चुंबकीय मालिका जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि त्यातली एक रायगड जिल्ह्यात आहे.

प्रतींची गरज संपलेली नाही. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेत सरकार बदललं आणि आरोग्य, हवामान अशा विषयांवरची सरकारी डेटाची पानं दिसेनाशी होऊ लागली. तेव्हा हार्वर्डच्या विधी ग्रंथालयातल्या गटाने अमेरिकी सरकारच्या डेटासंकेतस्थळाची प्रत जाहीर केली: ३,११,०००हून अधिक डेटासंच, १६ टेराबाइट. त्यांनी हे काम २०२४मध्येच सुरू केलं होतं. प्रत्येक संचाबरोबर तो कुठून, कधी घेतला याची डिजिटल सही. ती बातमी वाचली तेव्हा मी आमच्या शिपायांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले होते.

आपल्याकडे काय? केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले आणि तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. चांगलंच झालं, लहान गावातल्या मुलांना आता निबंधासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. पण बाहेरचे निबंध विकत घेण्यावर एवढा खर्च करणाऱ्या देशात, आपल्याच मुलांनी पायपीट करून मोजलेले आकडे सांभाळायला किती कॉलेजांत माणूस नेमलाय? शोधगंगेवर प्रबंधांच्या पीडीएफ आहेत, त्याचा मला रोज उपयोग होतो. प्रबंधामागचा डेटा मात्र बहुधा संशोधकाच्या लॅपटॉपवर असतो, आणि लॅपटॉप बदलला की जुन्याबरोबर जातो. ग्रंथपालाची पदं कॉलेजांत वर्षानुवर्षं रिकामी राहतात. जिथे पुस्तकं द्यायलाच माणूस नाही तिथे फायलींच्या बेरजा कोण ताडून बघणार? मला वाटतं, पीएचडी मंजूर करताना डेटा आणि त्याचं वर्णन ग्रंथालयात जमा केल्याची पावती सक्तीची करावी, आणि ती पावती देणारं माणूस पगारी असावं. यासाठी लागणारा पैसा नियतकालिकांच्या वर्गणीपुढे काहीच नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. दाखल नोंदवहीत पुस्तकांनंतर आता डेटाचाही भाग आहे. प्रबंध जमा करायला येणाऱ्या प्रत्येकाला एक पानी अर्ज भरावा लागतो. त्यावर प्रत्येक रकान्याचं पूर्ण नाव, एकक, मोजणाऱ्याचं नाव, यंत्र किंवा फूटपट्टी जे असेल ते, तारीख कुठल्या क्रमाने लिहिली आहे (४/५ म्हणजे चार मे की पाच एप्रिल), आणि रिकामी जागा म्हणजे शून्य, की मोजलं नाही, की मोजता आलं नाही. सुरुवातीला मुलं कुरकुरतात. “मॅडम, हे तर सगळ्यांना माहीतच आहे,” म्हणतात. मग मी त्यांना त्या देवराईच्या फायलीतले रिकामे रकाने दाखवते. देवराईचा जुना आणि नवा असा दोन्ही वर्षांचा डेटा आता झेनोडोवर आहे, मराठी नावं युनिकोडमध्ये, क्रमांकासकट.

कपाटातल्या बाकीच्या सीडींचं काम चालू आहे. ज्यांचा पापुद्रा सुटू लागलाय त्या आधी घेतो. तुमच्या घरी, माळ्यावर, एखाद्या निवृत्त मास्तरांच्या कपाटात पावसाच्या, विहिरींच्या पाण्याच्या, पक्ष्यांच्या, पिकांच्या नोंदींच्या वह्या, फ्लॉपी किंवा सीडी पडल्या असतील तर रद्दीत देऊ नका. जवळच्या विज्ञान महाविद्यालयाच्या ग्रंथालयात घेऊन जा. मराठीत टाइप केलेलं असेल आणि फॉन्टचं नाव आठवत असेल, तर ते डबीवर लिहा. आणि ज्यांनी त्या नोंदी घेतल्या ते अजून असतील, तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येक रकाना कशाचा आहे ते आत्ताच विचारून घ्या.